उसनं न घेणारे मिस्त्रीकाका

मिस्त्रीकाकांच्या घरात मीठ संपलं, तर त्या दिवशी अळणी जेवण व्हायचं. पण शेजारी वाटी जायची नाही. तुम्ही म्हणाल, ही बाई वाढवून सांगते. अहो, मी त्यांच्या घरात भाडेकरू होते, ते अळणी वरण मी स्वतः खाल्लंय! पहिला घास घेऊन मी काकीकडे पाहिलं. काकीनं डोळ्यांनीच मला गप्प बसवलं. काका समोर मांडी घालून अगदी चवीनं जेवत होते. "बाजार परवा हाय," एवढंच म्हणाले आणि आणखी वरण मागून घेतलं.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत मला सुलतानपूरला नेमणूक मिळाली आणि मी ट्रंक, वळकटी घेऊन एसटीतून उतरले. एकट्या बाईमाणसाला खोली द्यायला गावात कोणी तयार होईना. जो तो म्हणे, "यजमान कवा येनार?" यजमानच नव्हते, तर येणार कुठून? मिस्त्रीकाकांनी मात्र असलं काही विचारलं नाही. "भाडं दर महिन्याले, अन् पानी जपून वापरजा," म्हणाले आणि किल्ली हातावर ठेवली. ते गवंडी. उंच, हाडकुळे, भुवयांवर कायम चुन्याची भुकटी. आसपासच्या गावांत त्यांच्या हातची घरं उभी होती. पोरबाळ नव्हतं. घरात दोघंच, आणि तिसरं ते घर.

तिसरं म्हणते, कारण काका त्याच्याशी तसेच वागायचे. काम मिळालं, चार पैसे हाती आले की ते घराला लागायचे. एका वर्षी सागवानी दार आलं, पुढच्या वर्षी माळवद काढून पत्रे आले, मग पुढच्या खोलीला शहाबादी फरशी. काकीच्या अंगावर तीच दोन लुगडी. काकी हसून म्हणायची, "लुगडं फाटलं तं शिवून नेसा, अन् भीत फुटली तं नवी घाला. असं हाय बाई आमच्या घरी!" घरात रोकड म्हणाल तर बाजाराच्या दिवसापुरती. मी एकदा म्हटलं, "काका, थोडे पैसे पोस्टात टाका. अडीनडीला उपयोगी पडतील." त्यांनी तळहातानं भिंत थोपटली. "हे काय हाय मंग? अडीनडीसाठीच तं बांधलं. जेवढं घर भारी, तेवढा त्याच्यावर पैसा जास्त भेटते."

हे नुसतं बोलणं नव्हतं. दोनतीनदा घरानं त्यांना खरंच तारलं होतं. परांचीवरून पडून पाय मोडला तेव्हा, आणि भाचीच्या लग्नात पाहुण्यांनी ऐनवेळी हुंड्यासाठी तोंड वासलं तेव्हा. गावात एक म्हातारे शेटजी होते. काका घराचा कागद फडक्यात गुंडाळून त्यांच्या गादीवर जायचे. शेटजी कागद कपाटात टाकायचे, नोटा मोजून द्यायचे आणि वर चहा पाजायचे. ना साक्षीदार, ना कचेरी. पुढे पैसे फिटले की काका तो कागद घेऊन भर बाजारातून छाती काढून घरी यायचे. काकी दारात त्यांच्या पायांवर पाणी घालायची. मला हसू यायचं. जावई आल्यासारखा थाट!

"काका, शेटजींकडून व्याजानं घेता, मग शेजारून वाटीभर साखर घ्यायला काय होतं?" मी एकदा चिडूनच विचारलं. मला असल्या ताठ्याचा राग येतो, तेव्हाही यायचा. काका शांतपणे म्हणाले, "उसनं मांगनं म्हंजे भीक, बाई. गहान ठेवनं म्हंजे यवहार. तिथं मी त्याले काई देतो, थो मले काई देते. बरोबरीचं काम हाय थे."

याच्यामागचं कारण पुढे काकीनं सांगितलं. काका लहान असताना घरात दाणा नव्हता म्हणून आईनं त्यांना एका मोठ्या घरी ज्वारी मागायला पाठवलं. त्या घरच्या बाईनं पोराला दारातच उभं केलं, ते दिवेलागणीपर्यंत. येणारे जाणारे पाहत होते. शेवटी ज्वारी दिली, पण पोरानं वाटेतच फडक्याची गाठ सोडून ती मातीत सांडली आणि आईचा मार खाल्ला. "तवापासून असे हायेत," काकी म्हणाली. काकी स्वतः मात्र काका कामावर गेले की मागच्या दारानं माझ्याकडे यायची. "बाई, चिमूटभर हिंग. त्यायले नोका सांगू." दोन दिवसांनी बरोब्बर परत. मोठी गोड चोरटी बाई होती ती.

मग शेटजी वारले. गाव हळहळलं, काकाही मैतीला जाऊन आले. पण शेटजींबरोबर आपलीही काही सोय गेली, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. घर होतं ना जागेवर!

त्यानंतरच्याच उन्हाळ्यात एके सकाळी काकीचं पोट दुखायला लागलं. ओवा झाला, शेक झाला. दुपारच्या आत ती गुडघे पोटाशी घेऊन त्या शहाबादी फरशीवर पडली होती. गावातले डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं आणि काकांना बाहेर घेऊन गेले. "आतडं अडकलंय. अकोल्याला न्या, आजच्या आज. ऑपरेशन लागेल. जीप आणि तिथला खर्च धरून तीनशे रुपये तरी जवळ ठेवा." काकांनी मान हलवली, आत आले, पेटीतून कागद काढला आणि फडक्यात गुंडाळला. चेहऱ्यावर काळजी होती, पण घाबरलेले नव्हते. घाबरायचं कशाला? ह्याच दिवसासाठी तर त्यांनी आयुष्यभर विटा रचल्या होत्या.

तासाभरानं परत आले ते रिकाम्या हातानं. गादीवर आता शेटजींचा मुलगा बसत होता. तो म्हणाला, "काका, बाबूजीचं वेगळं होतं. आता तसं चालत नाही. ग्रामपंचायतीचा उतारा आणा, मेहकरला जाऊन गहाणखत नोंदवू, तिथंच पैसे देतो." तो काही वाईट बोलला नाही. काका उताऱ्यासाठी गेले, तर ग्रामसेवक दुसऱ्या गावाला. ते येईपर्यंत उन्हं कलली. उतारा मिळाला, पण मेहकरला पोचेपर्यंत कचेरी बंद होणार होती.

मी माझा पगाराचा डबा आणि हातातल्या पाटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या. "काका, उचला आणि निघा. जीप मी मागवते." त्यांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमी माह्या घरात राह्यता, बाई. तुमच्यापुढं हात पसरू?" मी म्हटलं, "उसने समजा, नंतर फेडा!" तर म्हणाले, "उद्या दुपारपावतर कागद होते. डॉक्टर लोक भेव दाखवतेतच. थे दमदार बाई हाय, एवढा एक दिवस काढीन थे." माझ्या तोंडाला येईल ते मी त्यांना बोलले. भाडेकरणीनं घरमालकाला बोलू नये असं सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि ओसरीवर जाऊन बसले.

मग मी काकीजवळ बसले. तिच्या कपाळावर गार घाम होता. "काकी, मी गावात पैसे गोळा करते. तुम्ही फक्त हो म्हणा." तिनं माझं मनगट धरलं. "मांगतलं तं गाव देईन, बाई. मले मालूम हाय. एका आवाजात देईन." दम लागला म्हणून थांबली. "पन त्यायचं मन मोडू नोका. जलमभर कोनापुढं वाकले नाई थे. माह्यापायी नोको."

दुसऱ्या दिवशी काका पहिल्या एसटीनं मेहकरला गेले. काकी आता कण्हतही नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. मी कोणाला विचारलं नाही. ओट्यावर जाऊन शेजारच्या बायकांना हाका मारल्या. काय सांगू तुम्हाला! कोणी मडक्यातून, कोणी उतरंडीतून, कोणी कनवटीची गाठ सोडून पैसे आणले. तेली आजीनं चिल्लर ओंजळीनं ओतली. चुलीवर ठेवलेला चहा उकळायच्या आत माझा पदर भरला. जीप आली, आम्ही तिला गोधडीसकट उचलून आत ठेवलं.

मेहकरला कचेरीपुढे जीप थांबवली. काका पायऱ्या उतरतच होते. अंगठ्याला शाई, हातात नोटा. जीपमध्ये चढून काकीच्या उशाशी बसले आणि लहान पोरासारखे हरखून म्हणाले, "झालं पाय काम! कोनापाशी हात नाई पसरला." काकीनं डोळे उघडले. "हाव," म्हणाली. अकोल्यापर्यंत ती पुन्हा बोलली नाही.

तिथल्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि आमच्याकडे वळून एकच विचारलं, "काल का नाही आणलंत?" काका नोटा पुढे करून उभे होते. त्या कोणी घेतल्या नाहीत. संध्याकाळी काकी गेली.

परतीच्या जीपमध्ये माझ्या पदराची गाठ त्यांना दिसली. "हे काय हाय?" मी सांगितलं. खोटं बोलायचं मला सुचलं नाही. "कोनं कोनं देल्ले?" मी नावं सांगितली. "किती वेळ लागला?" मी म्हटलं, "चहा उकळायच्या आत झाले, काका." ते गोधडीकडे पाहत राहिले. रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

गहाणाच्या पैशातून तेरवी झाली. त्यानंतर काकांनी घराला एक वीट लावली नाही की कागद सोडवायची घाई केली नाही. आणि गावानं वेगळंच काही पाहिलं. काका दारोदार जाऊन उसनं मागायला लागले. कोणाकडे आठ आणे, कोणाकडे काडेपेटी. घरात असायचं, तरी मागायचे. दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचे. लोक म्हणाले, बायको गेल्यानं मिस्त्रीचं डोकं फिरलं. पोरं त्यांना पाहून हसायची. मला ते पाहवेना. एकदा मी रागानंच विचारलं, "काका, कशाला हे?" ते म्हणाले, "शिकून राह्यलो, बाई. दारापावतर जातो, अन् जीभच उचलत नाई. मंग तसाच उभा राह्यतो."

पुढल्या वर्षी माझी बदली झाली. काका माझी ट्रंक घेऊन एसटीपर्यंत आले, ती टपावर चढवली आणि खिडकीशी उभे राहिले. कंडक्टरनं दार लावलं, तेव्हा एकदम म्हणाले, "बाई, तुमी तिच्याजवळ बसल्या होत्या त्या दिवशी. तिले मालूम होतं का, मांगतलं तं गाव देईन म्हून?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. गाडी हलली आणि ते खिडकीचा गज धरून बरोबर चालू लागले.

"नाही हो, काका," मी म्हटलं. "काकीला कुठलं माहीत असणार!"

त्यांनी मान हलवली आणि गज सोडला.