गोवर इथून गेला

टिटवाळ्याला आमच्या बिल्डिंगच्या मागे, नदीकडच्या मोकळ्या जागेत, वीटभट्टी लागते. माझी नोकरी शहापूरच्या डोंगरातल्या उपकेंद्रात, नर्सची. ज्या कातकरी पाड्यावर मी लसी टोचायला जाते, तो दिवाळीनंतर निम्मा रिकामा होतो, आणि त्यातलीच काही माणसं माझ्या खिडकीखाली ताडपत्रीच्या झोपड्यांत येऊन राहतात.

त्या वर्षी त्यांच्यात एक तरुण बाई होती, कडेवर तान्ही मुलगी. मुलीला नऊ महिने भरले की गोवराची लस द्यायची, पण नऊ महिने भरले ते भट्टीवर. मी वरिष्ठांना विचारलं, सुट्टीच्या दिवशी तिथेच टोचू का? "तुमचं क्षेत्र नाही ते, सिस्टर." मग टिटवाळ्यात लसीकरण करणाऱ्या बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "भट्टी आमच्या हद्दीत येत नाही हो." तिथली माणसं कोणाच्याच हद्दीत नव्हती. विटा मात्र सगळीकडे चालत होत्या. आमची बिल्डिंगही त्यातूनच उभी राहिलेली.

भट्टीवरचं पाणी मचूळ, म्हणून ती बाई आमच्या नळावर हंडे भरायला यायची. पोरगी पायरीपाशी रांगायची, बिल्डिंगमधली मुलं तिच्याभोवती जमायची. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगाही त्यात असायचा. त्याच्या आईबापांनी फोनवर काहीतरी वाचून त्याला मुद्दाम लस दिली नव्हती. चांगली शिकलेली, नोकरीवाली माणसं. एक दिवस जिन्यात त्याचं पुरळ उठलेलं तोंड पाहिलं आणि मी त्याच्या आईला म्हटलं, "गोवर आहे हा. घराबाहेर सोडू नका त्याला."

"छे हो, हीट रॅश आहे," ती म्हणाली. संध्याकाळी मुलगा खाली खेळत होता.

थोड्या दिवसांनी ती भट्टीवरची बाई माझ्या दारात उभी राहिली. "बाई, पोर तापलीय. डोळं बघ ना तिचं."

डोळे लाल, नाक वाहतंय, गालाच्या आतून पांढरे ठिपके, गोवराचेच. मी म्हटलं, "अगं, इथून हलू नकोस. सकाळी मी तुला कल्याणला दवाखान्यात नेते."

सकाळी गेले तर झोपडी रिकामी. भट्टीच्या मुकादमाने दोघींना पाड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसवून दिलं होतं. "इथे पोरीला काही झालं असतं तर बोंब माझ्या नावाने झाली असती, मॅडम," तो म्हणाला. शिमग्यासाठी निघालेल्या माणसांनी जीप भरली होती, त्यांची मुलंही सोबत होती.

मी पाड्यावर धावले. पोरगी वाचली. गोवर मात्र घराघरांत शिरला. शेजारच्या झोपडीत एक बाळ होतं, लसीच्या वयाचंही झालं नव्हतं. त्याच्या आईने बाळंतपणामुळे त्या वर्षी भट्टीचं नाव घेतलं नव्हतं. बाळाने पाड्याबाहेरचं काहीच पाहिलं नव्हतं. त्याच्या छातीत कफ भरला, श्वास लागला. तालुक्याच्या दवाखान्यात नेताना ते माझ्या मांडीवरच गेलं. त्याची आई कितीतरी वेळ त्याच्या तोंडावर पदराने वारा घालत होती.

रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच, भट्टीवाले रोगराई आणतात, त्यांना नळ बंद करा.

मी उभी राहिले. "गोवर त्यांनी आणला नाही. तो इथून गेला. तिकडे एक बाळ मेलंय."

तिसऱ्या मजल्यावरची बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही नोकरी तिथे करता, म्हणून तुम्हाला त्यांचा पुळका." सगळे हसले. मग चहा आला. नळाला कुलूप लागलं.

पाड्यावरचं बोलणंही याच्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. जिची पोरगी वाचली, तिच्याशी शेजारीण बोलेनाशी झाली, मग सगळेच. "तिनंच आणलं," म्हणत. मी घरोघर जाऊन सांगितलं की तिने आणलं नाही, तिला कोणी दिलं ते मला माहीत आहे. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि तिच्या झोपडीवरून जाताना तोंड फिरवत राहिले.

पावसाळा सरला तेव्हा मी तिच्या मुलीची राहिलेली लस घेऊन गेले; गोवर होऊन गेला तरी ती द्यायची असते. दाराला काटक्या लावलेल्या. तिची जाऊ बाहेर बसली होती.

"गेली ती," जाऊ म्हणाली. "लांबच्या भट्टीवर. घाटाच्या वर कुठंतरी."

"कुठे? गाव सांगितलं का?"

"कशाला सांगंल?"

मी ती लस परत आणली.