चिंधी बांधलेली वेल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात तर मी थांबेन, आणि एकदा थांबलो की पुढचं सांगायचा मला धीर होणार नाही. एका दुपारी माझ्या हातून असा काही गाढवपणा झाला की माझ्या पोराचं जमत आलेलं लग्न मोडायला टेकलं होतं. तेही कशानं? विळ्यानं!

आम्ही चिखलीचे. मी सगळी नोकरी कचेरीत फायली इकडून तिकडं ठेवण्यात घालवली, शेतीशी संबंध फक्त ताटातला. घरामागं मात्र हातभर जागा आहे आणि तिथं आमच्या सौभाग्यवती वनिताबाईंचं राज्य. लिंबू, कढीपत्ता, मिरच्या आणि तारेच्या कुंपणावर नाना तऱ्हेच्या वेली. कोणती वेल कसली, ते मला विचारू नका. मीही तिला कधी विचारलं नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

तर अमडापूरचं एक स्थळ आलं. मुलगी सुजाता, शेतीचं शिक्षण झालेली, बुलढाण्याला नोकरी. वडील निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. पावसाळ्यात, वर्षावासाला विहारात ग्रंथवाचन तेच करतात. मोठा शिस्तीचा माणूस! आणि मुलगी त्यांच्यावर ताण. तिनं निरोपच धाडला, "मुलगा पसंत हाय. पण ज्या घरात राहाचं, ते घर मी सोता येऊन पाहीन."

आमचा सुमेध खुशीत शिट्ट्या मारत फिरायला लागला. आता बापाचं मन तुम्हाला सांगतो. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता आणि पोरगा इतका हिरमुसला होता की जेवताना मान वर करत नव्हता. त्यामुळे या खेपेला माझ्याकडून काही म्हणजे काही कमी पडू द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. हे ठरवलं नसतं तर बरं झालं असतं!

रविवारी पाहुणे येणार होते. शनिवारी वनिता बाजाराला निघाली आणि दारातून बजावून गेली, "घर तेवढं झाडून ठेवा. मांगं काही करू नका."

मला वाटलं, बिचारी माझ्या कंबरेची काळजी करते आहे.

मी मागं गेलो आणि बघतो तर काय, नुसतं जंगल! एक वेल लिंबाच्या गळ्यात पडलेली, एक कुंपणावरून मिरच्यांत उतरलेली. ते एकवेळ चाललं असतं हो. पण तीन-चार वेलींच्या बुडाशी काय बांधलेलं असावं? काळी चिंधी!

माझं डोकंच फिरलं. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बावीस प्रतिज्ञा, आणि मागच्या दारी नजर लागू नये म्हणून काळ्या चिंध्या? उद्या गुरुजींनी हे पाहिलं तर काय म्हणतील? या घरात पोरगी देतील का? मी एकेक चिंधी सोडली आणि चुलीत घातली. काय सांगू, त्या घडीला मला आपण मोठे समाजसुधारक झाल्यासारखं वाटत होतं.

त्याच उत्साहात विळा घेतला. तण काढायचं ठरवलं, पण तण ओळखायचं कसं? मी काही कच्चा माणूस नाही. मी नियम केला. फूल आलं ती वेल आपली, फूल नाही ती परकी! आहे की नाही सोपं?

नियमाप्रमाणे काम सुरू झालं. जाड, रसरशीत पानांची एक वेल होती, फुलाचं नाव नाही. उपटली! तीन-तीन पानांची एक होती, तिलाही फूल नाही. तीही उपटली! मात्र लिंबावर चढलेल्या एका नाजूक वेलीला पांढरी-गुलाबी, भोंग्यासारखी इतकी गोड फुलं होती की मी तिच्या प्रेमातच पडलो. तिला अलगद सोडवली, सुतळी बांधली, मागच्या दाराच्या चौकटीवर कमान करून चढवली आणि वर बादलीभर पाणी घातलं. उपटलेल्या वेलींचा ढीग भिंतीशी लोटला. वनिता दमून आली ती समोरच्या दारानं, आणि पाहुण्यांच्या तयारीत तिला मागं डोकावायला सवडच झाली नाही.

रविवारी पाहुणे आले. जय भीम झालं, पाणी झालं. गुरुजींनी भिंतीवरच्या प्रतिज्ञा वाचून समाधानानं मान हलवली. सुजाता मोकळी होती, घर बघत होती, सुमेधकडे बघायचं टाळत होती. सगळं कसं छान चाललं होतं!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वनिताचा आवाज आला, "अहो, मांगून मायाळूचे पानं आणा बरं भज्याले! काळी चिंधी बांधली हाय ना, त्या वेलाचे!"

गुरुजींनी चष्मा खाली केला. "काळी चिंधी?"

मी कप खाली ठेवला. चिंधी होती म्हणावं तर गुरुजी उठतात, आणि नव्हती म्हणावं तर पानं आणू कुठून?

"नाही हो गुरुजी, ती काढली मी! तशा गोष्टी आपल्या घरात चालत नाहीत!" असं म्हणून मी मागं पळालो. तर सुजाता उठली. "थांबा काका, मीबी येतो. मले बाग पाहाचीच होती."

आता तिला नाही कसं म्हणणार?

मागच्या दारात येताच ती थबकली. वर कमानीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा वर.

"काका, ही कोनं बांधली?"

"मीच!" माझी छाती फुगली. "छान आहे ना?"

"काका, हे हरणखुरी हाय. पानं पाहा, हरणाच्या खुरावानी हायेत. वावरात घुसली तं लोकं कपाळाले हात लावते. मूळ लय खोल जाते, तुकडा राह्यला तरी पुन्हा फुटते. फूल येऊन बी पडाच्या आंधी खुडत राहा लागते हिले. आन् तुम्ही सुतळी बांधून, पाणी घालून वर चढवून राह्यले?"

मी काही बोलायच्या आत तिची नजर ढिगाकडं गेली. "आन् हे? हे तं मायाळू हाय! हा वाल! काका, हे काऊन उपटले?"

"फूल नव्हतं त्याला," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तोवर वनिता झारा हातात घेऊन आली, मागून गुरुजी, मागून सुमेध. वनितानं ढीग बघितला आणि डोळ्यांत पाणीच आणलं तिनं. "माह्या माहेरचं बी होतं हो वालाचं! म्हून तं चिंध्या बांधल्या होत्या!"

मी शेवटचा जोर केला. "पण वनिता, नजर लागते म्हणून चिंधी बांधायची? आपल्या घरात?"

"नजर लागू नये म्हून नाही बांधली! तुमचा हात लागू नये म्हून बांधली होती!"

मी सुमेधकडं बघितलं. त्याचा चेहरा पार उतरला होता, आणि मला खरंच रडू यायला लागलं. गेलं स्थळ, पोराचं वाटोळं केलं मी.

आणि मग गुरुजी हसले. हसले म्हणजे काय, पोट धरून भिंतीला टेकले! विहारात इतकी वर्षं गंभीर आवाजात वाचणारा माणूस, चष्मा काढून डोळे पुसत राहिला.

सुजाता मात्र ढिगाशी उकिडवी बसली होती. मायाळूची मरगळलेली खोडं निवडून तिनं वनितापुढं धरली. "काकू, रडू नका. पानं अजून चांगले हायेत, भजे होतात. आन् हे खोडं वल्ल्या मातीत खोचले की फुटतात." तिनं ओढणी खोचली आणि तिथंच कुंपणाशी माती उकरायला लागली. सुमेधनं धावत जाऊन पाण्याची बादली आणली. पहिल्यांदाच तो काही कामाचा दिसला!

"पन वालाचं काय वं?" वनितानं विचारलं.

"वाल तं गेला आता. आमच्या घरी बी हाय, येतांनी आणीन मी."

येताना? वनितानं माझ्याकडं बघितलं, मी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी म्हणाले, "येतांनी म्हंजे कवा, पोरी?"

सुजाता लाजली, पण मान वर ठेवून म्हणाली, "बाबा, ज्या घरात तणालेबी आधार देतात, तिथं मले काऊन नाही भेटणार? मले घर पसंत हाय."

सुमेधच्या हातातली बादली माझ्या पायावर सांडली, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

"पन माही एक अट हाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, "सांग ना पोरी, काय पाहिजे ते सांग!"

"काकांनी मले इचारल्याबिगर इथं विळा धरायचा नाही."

मी विचार करतो म्हणून सांगणार होतो. पण त्याआधीच वनिता ओरडली, "मंजूर!" गुरुजी म्हणाले, "मंजूर!" आणि सकाळपासून ज्याच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता, तो माझा सख्खा मुलगा सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला, "एकदम मंजूर!"