अंगठा आणि अल्फा पेशी

भाकर-भात सोडला म्हणून मी इन्सुलिनही सोडलं.

एखाद्या अडाण्यानं हे केलं असतं तर समजण्यासारखं होतं. मी यवतमाळला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. चपलेतून वर आलेला खिळा दिवसभर उजव्या पायाच्या अंगठ्यात रुतत राहिला आणि मला पत्ता नाही. साखरेनं तळपाय केव्हाचेच बधिर झालेले. बायकोनं फरशीवरचं रक्त पाहिलं तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात राहिली तर अंगठा वाचेल.

मग मी डोकं चालवलं. सकाळी उकडलेली अंडी, दुपारी सोयाबीनच्या वड्या, रात्री मटण. भाकर-भात पोटात जाणारच नाही, तर साखर येणार कुठून?

"सुई घेतली का?" बायकोनं विचारलं.

"भाकर नाही, भात नाही. मंग सुई कायले?"

"डॉक्टरनं सांगतलं का बंद कराले?"

"जिंदगीभर हेच शिकवलं मी. मले नको सांगू."

खरंच हेच शिकवलं होतं. फळ्यावर स्वादुपिंड काढायचो, ते नेहमी वांग्यासारखं यायचं, आणि सांगायचो: प्रथिनं पचली की अमिनो आम्लं रक्तात येतात. ती स्वादुपिंडातल्या अल्फा पेशींना डिवचतात, त्या ग्लुकागॉन सोडतात आणि ग्लुकागॉनच्या हुकमावरून यकृत साखर रक्तात ओततं. धडधाकट माणसात तीच आम्लं इन्सुलिनही बाहेर काढतात, म्हणून सगळं जागेवर राहतं. माझं इन्सुलिन फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी. म्हणजे मटण खाऊन मी यकृताला साखरेचा नळ सोडायला लावत होतो आणि नळ बंद करणाऱ्याला सुट्टी देऊन बसलो होतो. हे आठवलं ते साखर चढल्याचा तपासणीचा कागद हातात आल्यावर. तोवर अंगठा काळा पडला होता.

तो काढला. दुखलं नाही. वाईट वाटेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली, तेही वाटलं नाही. पट्टी बांधलेला पाय दुसऱ्या कोणाचा असावा तसा बघत पडून राहिलो. दवाखान्याबाहेर ऑटोवाले सवारीसाठी ओरडत होते.

बायको डबा घेऊन आली. माझ्याकडे न बघता आधी नर्सला सुईचं विचारलं, मग भाकर मोडून माझ्या हातात ठेवली.

"अंगठा गेला," मी म्हटलं.

"शहाणा होता," ती म्हणाली. "तुमची संगत सोडली त्यानं."