संडासाची किल्ली

दवाखान्यात फिनेलचा वास आला की मला सुरगाण्याकडची, मी शिकवायची ती शाळा आठवते. सरकारी योजनेतून तिथे मुलींसाठी संडास बांधला होता, पण पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागे. तो घाण होऊ नये म्हणून मीच त्याला कुलूप लावून किल्ली पदराला बांधून फिरायची, आणि मुली टेकडीमागे जायच्या. तपासणीच्या दिवशी मी तो फिनेलने धुऊन उघडा ठेवला. साहेबांनी दारातूनच डोकावून ‘वापरात आहे’ असं लिहिलं, खाली मी सही केली. त्यांची जीप निघाली तशी चौथीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, कुलूप लावायच्या आधी एकदा जाऊन येऊ का?" मी हो म्हटलं, तर तिच्यामागे रांगच लागली. बादलीतलं पाणी संपलं तेव्हा तिघी उरल्या होत्या. मी कुलूप लावलं. त्या मुकाट्याने टेकडीकडे वळल्या; साधी कुरकुरही केली नाही, आणि तेच आता या वयात सोसवत नाही.