चाचांनी हात न लावता वाढवलेली लंबू

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. लंबूला इंजेक्शन द्यायला अलिबागला गेले होते, आत्ता घरात पाय टाकलाय, चपलासुद्धा काढल्या नाहीयेत. दवाखान्यात एक बाई होत्या. त्यांच्या मांडीवर अगदी लंबूसारखाच लांब केसांचा डॅशहुंड, म्हणजे तो अंगानं लांबलचक आणि पायानं टिचभर असतो ना, तो कुत्रा. पण बिचाऱ्याचे केस म्हणजे नुसतं पायपुसणं. बाईंनी माझ्या लंबूकडे बघितलं. कानांवरून झुलणारे केस, शेपटीला झालर, गुंता शोधून सापडणार नाही. म्हणाल्या, "कुठल्या ग्रूमरकडे नेता हो हिला?" आणि मी येड्यासारखी हसत सुटले. कारण खरं उत्तर असं होतं की हिला ज्या माणसानं वाढवलं, त्यानं हिला एकदाही हात लावलेला नाही.

ते आमचे मस्कतवाले चाचा. काशीदच्या पुढं समुद्राच्या बाजूला आमची दोन घरं, आणि मध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत. चाचा उभं आयुष्य मस्कतला काढून परत आलेले. तिथं कुणा बड्या माणसाच्या घोड्यांच्या पागेत होते, एवढं सगळ्या गावाला माहीत होतं, कारण चाचांनीच ते सगळ्या गावाला सांगितलेलं. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, कडक इस्त्रीची चौकड्यांची लुंगी. असरचा, म्हणजे उतरत्या दुपारचा नमाज झाला की चाचा गडग्याला कोपरं टेकून उभे राहायचे आणि आमच्या अंगणातल्या प्रत्येक गोष्टीत काय चुकलंय ते सांगायचे. आमचा पाइप, आमची तुळस, आमच्या आईची वाल सोलायची पद्धत. मग मी कुत्रं आणलं आणि चाचांना कायमचं काम मिळालं.

आता मी कुत्रं का आणलं? मोबाईलवर बघून. दुसरं काय कारण असणार! मी नवी मुंबईतल्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. माझ्या डोक्यात चित्र असं होतं की मी व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसलेय, पायाशी कुत्रं, आणि समुद्राच्या वाऱ्यावर आमच्या दोघींचे केस उडतायत. पनवेलच्या मावसभावाकडून पिल्लू आणलं, नाव ठेवलं रेशीम. आईनं पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "एवढंच? बाकीचे पाय मागनं येणारेत काय?"

चाचांनी गडग्यावरून एक नजर टाकली. "लंबू हाय ही." झालं. रेशीम हे नाव त्यानंतर फक्त लसीच्या कार्डावर उरलं.

पिल्लाचे केस वाढायला लागले तसे खरखरीत दिसायला लागले. मी विचार केला, माझे केस असे झाले की मी काय करते? खोबरेल. मग मी मांडी घालून लंबूला मस्त चंपी करून दिली, कानापासून शेपटीपर्यंत, आणि वर तिला किनाऱ्यावर फिरायला नेलं. तिचं पोट जमिनीपासून बोटभर वर. परत आली ती रव्यात घोळवलेला बोंबील होऊन. फक्त तव्यावर टाकायची बाकी होती.

"अगो, तळायला घेतलंस काय हिला?" गडग्यावरून आवाज आला.

त्या दिवसापासून शिकवणी सुरू. तेल बंद. केस टॉवेलानं घासायचे नाहीत, दाबायचे. कंगवा मोठ्या दातांचा. सुरुवात नेहमी डावीकडून, घोड्याला करतात तशी. "टोकाकडनं धर. मुळाकडनं ओढलंस तर ती परत तुज्याजवळ येयाची न्हाय." आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, जो चाचा रोज नव्यानं सांगितल्यासारखा सांगायचे: "जनावराला पयला आवाज, मग हात."

आवाज चाचांचा, हात माझा, अशी ती व्यवस्था. आई एकदा वैतागून म्हणाली, "चाचा, लांबून हुकूम सोडण्यापेक्षा तुम्हीच घ्या ना हिला हातात."

"वहिनी, आमच्यात तिचं ओलं नाक लागलं तर सात वेळा धुवायला लागतं, त्यातनं एकदा मातीनं. मग नमाज. माजे गुडघे बघा आणि आमची विहीर कुठं हाय ते बघा." मग लंबूकडे बघून म्हणाले, "कुत्र्याशी माजं वैर न्हाय. अंतर हाय."

आणि ते अंतर लंबूला माझ्याआधी कळलं. सुरुवातीला ती गडग्यावर झेपा घ्यायची, म्हणजे घेतल्यासारखं करायची, तिच्या उंचीला गडगा म्हणजे मुरुडचा किल्लाच. नंतर नंतर ती बरोबर हातभर अलीकडे बसून चाचांकडे मान वर करून बघत राहायची.

आता असं समजू नका की चाचांना कुत्र्यातलं सगळं कळत होतं. त्यांना कळायचे घोडे. "आता खूर उचल," असं म्हणायचे.

"चाचा, हिला खूर नाहीत."

"मग काय हाय?"

"पंजे."

"मग तेच उचल! वाद घालते." उचलले, तर बोटांच्या मधल्या केसांत कुसळं अडकलेली. मी ती काढली. पण त्याच जोरावर त्यांनी भिजवलेले चणे द्यायला सांगितले, आणि मी, शिकलेली मुलगी, ते दिले. त्या दुपारी लंबू माझ्या खुर्चीखाली झोपली होती आणि माझी साहेबांबरोबर व्हिडिओवर मीटिंग होती. मला वासानं डोळ्यांतून पाणी आलं. साहेब म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस, पुढच्या वेळी रिपोर्ट चांगला होईल." आणखी एकदा शेपटीची वेणी घालायला लावली, लाल धाग्यानं. मस्कतला शर्यतीच्या दिवशी घालतात म्हणे. लंबू दिवसभर स्वतःच्याच शेपटीमागे फिरत राहिली आणि चक्कर येऊन तुळशीत पडली.

तरी एक गोष्ट होती. चाचांनी गडग्यावरून "हळू गो हळू, शाबास, यल्ला, चल, दुसरी बाजू" असं म्हटलं की लंबू पुतळ्यासारखी उभी राहायची. चाचा नसले आणि मी कंगवा दाखवला, की पलंगाखाली. बाहेर काढणारे तुम्ही कोण! डॉक्टरांनी बजावलं होतं की कानामागचे केस कातडीपर्यंत गुंतले तर खाली जखमा होतील, मग सगळं भादरण्याशिवाय इलाज नाही. आणि आईनं बजावलं होतं, "मुक्या जिवाचे हाल मला बघवत नाहीत. तुला जमत नसेल तर पनवेलला परत दे." आई असं उगाच बोलत नाही.

मग चाचा लेकीकडे श्रीवर्धनला लग्नाला गेले. मी म्हटलं, घाबरायचं काय, आपण टेक्नॉलॉजीवाली माणसं. चाचांकडून व्हॉइस नोट मागवली. त्यांनी घसा खाकरून पाठवली: "हळू गो हळू, शाबास." मी मोबाईल लावला, कंगवा उचलला. लंबूनं कान टवकारले आणि सुसाट गडग्याकडे पळाली. तिथं कुणी नाही. भुंकली, वास घेतला, परत माझ्याकडे बघितलं. मी परत नोट लावली. ती परत गडग्याकडे. आख्खा आठवडा हेच. खारं वारं, वाळू, कुसळं, कानामागे सुपारीएवढ्या गाठी. शेवटी दवाखान्यात मशीन फिरली. कान आणि शेपूट सोडून सगळं गेलं. दिसायला सोललेली भुईमुगाची शेंग.

आई बघून एवढंच म्हणाली, "आधीच अर्धी होती." आणि पनवेलला फोन लावला. पुढच्या महिन्यात मावसभाऊ न्यायला येणार असं ठरलंसुद्धा.

चाचा परत आले, गडग्याशी आले, आणि बघतच राहिले. "ही कोण?"

"चाचा, तुम्ही नव्हता ना..."

"मी न्हवतो तर तुज्या हाताला काय झालेलं? मस्कतला कुणी घोड्याची अशी दशा केली असती ना, तर मी त्याला पागेच्या दारात उभा केला न्हसता!" चाचा खरोखर चिडले होते. मी मान खाली घालून ऐकत होते. तेवढ्यात मागे दोरीवर कपडे वाळत घालणारी चाची वैतागून म्हणाली, "बस करा आता! पोर रडायची बाकी हाय. तुम्ही कुठं घोडे धुतलेत? अगो, हे पाण्याचा टँकर चालवायचे तिथं!"

मी नुसती आ वासून उभी. आई हातातली वालाची परात घेऊन तशीच. चाचांनी लुंगी सावरली, आत गेले.

दुसऱ्या दिवशी असरनंतर गडगा रिकामा. तिसऱ्या दिवशीही. लंबू आपली हातभर अंतरावर जाऊन बसलेली, मान वर. मला काय वाटत होतं माहितेय? टँकर तर टँकर, पण माझी चूक काढायला कुणीच नाही म्हटल्यावर मला कंगवा कुठून धरायचा तेच आठवेना.

मग मी एक नाटक केलं. व्हरांड्याच्या पायरीवर लंबूला घेऊन बसले, अंगावर विंचरायला केस नव्हतेच, कान होते. आणि घसा काढून ओरडले, "चला! आज आपण उजवीकडून सुरू करू या! मुळाकडून!"

चाचांच्या खिडकीचा पडदा हलला.

"आणि थोडं खोबरेल पण लावू या!"

"डावीकडनं गो! डावीकडनं! आणि तेलाची बाटली टाक आधी!" चाचा टोपीसुद्धा न घालता बाहेर आले होते. लंबू अशी उभी राहिली, सरळ, शिस्तीत, अंगावर केस नसताना.

थोड्या वेळानं आपणहूनच म्हणाले, "टँकर पागेच्या समोरच लागायचा. टाकी भरेपर्यंत मी बसून बघायचो. रोज. बघायला हात लागत न्हाय."

"घोड्याला हात लावावासा नाही वाटला कधी?"

"वाटला की. पण ते काम दुसऱ्याचं होतं ना गो." मग लगेच आवाज चढवून म्हणाले, "तुजा हात ठीक हाय. तुजा आवाज खराब हाय. आता तो शिकायचा."

आणि मग माझी जी काय शोभा झाली! रोज अंगणात उभं राहून मोकळ्या हवेला "हळू गो हळू" म्हणायचं. चाचा गडग्यावर. "विनंती करतेस काय तिला? ती तुजी साहेब हाय?" परत. "आता भांडतेस." परत. "पोटातनं काढ, नाकातनं नको." रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायची आणि आईला विचारायची, पोरगी गाणं शिकते काय. लंबू ऐकायची आणि जांभई द्यायची. महिना झाला, तिच्या पाठीवर मऊ लव आली, मी आईला हातापाया पडून मावसभावाचं येणं पुढं ढकलायला लावलं. लंबू अजूनही चाचांच्याच आवाजावर उभी राहत होती.

आणि तेवढ्यात ठरलं की चाचा-चाची मुलाकडे मुंब्र्याला राहायला जाणार. गुडघ्यांचं ऑपरेशन, मोठं हॉस्पिटल जवळ, घर बंद. आई मला म्हणाली, अगदी हळू आवाजात म्हणाली, "चाचा गेले की हिला उभी कोण करणार? पनवेलला कळवू का?"

तयारीत दोन-तीन महिने गेले. जायच्या दिवशी दुपारी टेम्पोत सामान भरून झालं. चाचा गडग्याशी आले. मी कंगवा घेऊन पायरीवर बसले. केस परत वाढलेले, कानामागे गुंता धरायला लागलेला. मी चाचांकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. स्वतःच्या.

लंबू त्यांच्याकडे बघत होती. आता आवाज येईल, मग उभं राहायचं. आवाज येईना. मी म्हटलं, "हळू गो हळू." आवाज असा चिरकला की ती उठून दाराकडे निघाली. पलंग आतच होता. आई दारात उभी होती, तीही हलली नाही.

मी श्वास घेतला. परत म्हटलं. पोटातून.

लंबू थांबली. वळून आधी चाचांना बघितलं, मग मला. आणि परत येऊन उभी राहिली.

मी टोकाकडून धरलं. कान, मान, पोटाची झालर. आणि ती उभी राहिली या आनंदात मी काय करावं? उजवीकडून सुरू केलं होतं! अर्ध्यावर मला कळलं. वर बघितलं तर चाचांचा हात गडग्यावरून उचललेला, तोंड उघडलेलं, दाढी हलतेय. आख्खा "डावीकडनं" त्यांच्या जिभेवर होता. आणि त्यांनी तो गिळला. हात परत चिऱ्यावर ठेवला. मी शेपटीपर्यंत जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले, एक शब्द न बोलता.

"चाचा, चहा टाकते," आई म्हणाली.

"नको वहिनी, गाडी उभी हाय." आणि वळून गेले.

पनवेलला फोन गेला नाही.

सांगा ना, तुमच्या बाबतीत झालंय का हो असं? तुम्ही चुकताय हे समोरच्याला स्वच्छ दिसतंय, आणि तुम्हाला यावं म्हणून तो गप्प उभा राहिलाय?