स्वच्छ रान

शेतातलं उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, जाळून सेंद्रिय खत विकत आणणाऱ्याला तुम्ही शहाणा म्हणाल का?

इंदापूरहून बारामतीला येताना असा एक गृहस्थ एसटीत माझ्याशेजारी बसला. पायांशी खताचं पोतं होतं. प्रत्येक खड्ड्याला त्याचा हात पोत्यावर जायचा, झोपलेलं मूल थोपटावं तसा. तो सांगत होता, त्याच्या रानाची माती कडक होऊन पार फरशी झाली होती आणि तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला उसाचा खोडवा गुडघ्याएवढा होऊन अडला होता.

“पोत्यात काय आहे, तात्या?” मी विचारलं.

“कुजवल्यालं पाचट. मातीत जीव येतो म्हनं.”

“मग तुमचं पाचट कुठं गेलं?”

“पेटवलं की. रान स्वच्छ दिसाया नको? बांधावरनं जानारं नावं ठेवत्यात.”

तेवढ्यात कुणाच्या तरी स्वच्छतेचा धूर बसमध्ये शिरला. त्याने काच ओढली आणि नाकाला उपरणं लावलं.

“लोकास्नी अक्कल न्हाय,” तो म्हणाला.

मातीने पानांना दिलेलं आपण आकाशाला देऊन टाकतो आणि तेच मातीसाठी दुकानातून परत आणतो. त्याला मी काही बोललो नाही. बिचारा मनापासून रान वाचवायला निघाला होता. तुम्हाला मात्र सांगतो: यंदा ऊस तुटला की पाचट सरीतच कुजू द्या, आणि शेजाऱ्यांनी गबाळे म्हटलं तर तेवढं ऐकून घ्या.