शीव संपायच्या आत

आमचं भिसेगावात पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. मोटार बंद पडली की कुणी म्हणतं विहिरीत काहीतरी आहे, कुणी लिंबू-मिरची बांधतं. मी जाऊन बघते तर वायंडिंग जळलेलं असतं. इतकी वर्षं हेच. त्यामुळे असले अनुभव मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आले. आता स्वतःचाच लिहायला बसलेय... नवरा हसतोय. हसू दे.

गोष्ट मागच्या मार्गशीर्षातली. मी आणि माझी नणंद मनीषा महिन्यातून एखादा रविवार सायकली काढतो. मी पन्नाशी ओलांडलेली, ती थोडी अलीकडे. साध्या गिअरच्या सायकली (नाही, बॅटरीवाल्या नाहीत — हे सगळे विचारतात), मागे एकेक पिशवी, आणि नदीकाठची जुनी गावं बघत फिरायचं. खालापूरकडे पाताळगंगेचा काठ झाला, उंबरखिंड झाली. त्या दिवशी कडावच्या पुढे, पेज नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात वीरगळ बघायचे होते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

सकाळची वेळ, लख्ख ऊन. वेशीवर पोचलो तर रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग — मोटरसायकली, रिक्षा, विटांचा टेंपो, आणि शेवटी चक्क एक पांगुळगाडा. एक बाई डोक्यावर गॅसचं सिलिंडर घेऊन गावात चालली होती.

"लग्न दिसतंय कुणाचं तरी," मनीषा म्हणाली.

"लग्नाला पांगुळगाडा घेऊन कोण येतं गं?"

झाडाखाली एक माणूस बसला होता. तो उठलासुद्धा नाही. "उतरा. आज गावात चाक फिरत नाय. देवीचा दिस हाय."

"दादा, सायकल आहे. इंजिन कुठंय तिला?" मी म्हटलं.

"चाक हाय का नाय?"

"आहे."

"मंग?"

"हातात धरून नेतो."

"म्हंजे फिरलंच की ते. उचलून न्या, नायतर मागं वळा. तुमाला कुणी बोलवलं नाय."

"कुठपर्यंत उचलायची?"

"शिवेपर्यंत."

मी मागे वळणार होते. मनीषाने तोवर सायकल खांद्यावर घेतली होती. "चल वहिनी, तुझ्या पंपापेक्षा हलकी आहे."

गावात कुणी 'या' म्हटलं नाही. दारादारांतून माणसं नुसती बघत होती. हिरव्या लुगड्यातल्या एका बाईला विचारलं, वीरगळ कुठे आहेत? "हायेत तितंच." पाणी मिळेल का? "फुडं नदी हाय." देवळामागे वीरगळ सापडले. मी फोन काढला तर तीच बाई येऊन दगडासमोर उभी राहिली. "फोटू नको."

मी फोन खिशात टाकला आणि आम्ही निघालो.

शेवटचं घर मागे पडलं. पुढे कापणी झालेली भातखाचरं, त्यांच्यामधून थोडा चढ, आणि चढापलीकडे नदीवरची फरशी — म्हणजे कठडा नसलेला बुटका पूल. त्याच्या एका अंगाला पाण्याचा काळाशार डोह.

"संपलं गाव," म्हणत मनीषाने सायकल खाली ठेवली. मलाही तसंच वाटलं. आपल्या डोक्यात घरं संपली की गाव संपतं. मी बाटलीतलं उरलेलं पाणी पीत होते, तोवर ती सीटवर बसली आणि निघाली.

मागून हिरव्या लुगड्यातल्या त्याच बाईची हाक आली. "ए बाय! उतर! शीव हाय अजून!"

मनीषाने न वळता हात हलवला. मग चढ लागला आणि तिचा वेग वाढला.

"वहिनी! मी पेडल मारत नाहीये!"

मला वाटलं, चेष्टा करतेय. मग तिचे पाय दिसले. दोन्ही पाय हवेत फाकवलेले, पेडल्स जागच्या जागी, आणि सायकल चढ चढतेय. टकटकटकटक असा आवाज — उतारावर सायकल मोकळी सोडली की येतो ना, तोच. चढावर!

"ब्रेक दाब!"

"दाबलेत!"

जळक्या रबराचा वास माझ्यापर्यंत आला. मी माझी सायकल टाकली आणि धावले.

"उडी मार मनीषा!"

"नाही गं... नाही जमत!"

चढाच्या टोकाशी मी तिचा कॅरिअर पकडला. मोटार सुरू होताना बसतो तसा झटका नव्हता. सरळ, सावकाश, न थांबणारी ओढ. माझे बूट रस्त्यावर घासत होते आणि मी तिच्याबरोबर फरशीकडे चालले होते. डोह दिसायला लागला तसं सगळं वजन एका बाजूला टाकलं. आम्ही दोघी आडव्या झालो. मनीषाचा पाय खाली सापडला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

सायकल कुशीवर पडलेली. मागचं चाक फिरतच होतं. मी बुटाचा तळवा लावला, थांबेना. काठी घातली, तिचे तुकडे झाले.

गावातली माणसं आली, पण धावत नाही. चालत.

"पाय मोडलाय हिचा. गाडी आणा," मी ओरडले.

"गाडी येत नाय आज," हिरव्या लुगड्यातली बाई म्हणाली.

"अहो, माणूस आहे ते!"

"दिसतंय."

कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. चौघी बायांनी मनीषाला खुर्चीसकट उचललं आणि आल्या वाटेने वेशीवरच्या टेंपोकडे निघाल्या. मी बाजूने चालत होते. खुर्चीचा मागचा पाय धरलेली ती बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी कशाला धरलीत सायकल?"

"मग काय पाण्यात जाऊ द्यायची?"

"पान्यात कशाला जाईल? फरशीच्या मदी आमची शीव सरते. तितवर नेऊन भायेर सोडलं असतं. पाय तुमी मोडलात तिचा."

पुढची बाई फिसकन हसली. "तुज्या दिराला सोडलं व्हतं का गं, शिवेवर?"

मी दोनदा विचारलं, दिराचं काय झालं? चौघींनी पावलं भराभर उचलली.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला घेऊन सायकली आणायला गेले. चाक थांबलेलं होतं. मनीषाची सायकल दुकानात आणून मी सगळी खोलली. बेअरिंग, चेन, फ्रीव्हील, सगळं ठीक. ब्रेकचं रबर मात्र धातूपर्यंत जळालेलं. चढ नुसता दिसायला असेल म्हणून गवंड्याची पाण्याची नळी नेऊन लेव्हल बघितली. चढच आहे. कुणाकडे काही खुलासा असेल तर जरूर कळवा, माझ्याकडे नाही.

मनीषाच्या घोट्यात प्लेट आहे. ती लंगडते, आणि रागावलेली आहे. सायकलवर नाही, गावावर नाही. माझ्यावर. परवा पुन्हा तेच म्हणाली, "वहिनी, सोडलं असतंस तर?"

"तर हे विचारायला तू इथं नसतीस."

"असतेही," ती म्हणाली. "दोन्ही पायांवर."